गाडीवरचं ‘जय भीम’ आणि हद्दीवर अडलेला दाखला

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण महालातून पठाणकोटला गेलो. मी, बायको, आमची सहा वर्षांची पोरगी आणि आई-बाबा. सेकंड हँड गाडी, डिकीत संत्रा बर्फीचे चार डबे, चिवडा, आईने बांधून घेतलेल्या भाकरी आणि ठेचा. पठाणकोटला माझे मामा राहतात. ऑगस्टमध्ये रावीला पूर आला, पठाणकोट जिल्ह्यात हाहाकार झाला. तेव्हापासून आईच्या तोंडी एकच होतं, मले माह्या भावाले पाहून येऊ द्या. रेल्वेची तिकिटं मिळाली नाहीत, म्हणून गाडी काढली. राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपुरातून सरळ उत्तरेला जातो, पठाणकोट त्याच्यावरच आहे. दीड हजार किलोमीटरच्या वर अंतर, पण रस्ता एकच.

प्रवासवर्णन लिहायला बसलेलो नाही. भांडण सांगायचं आहे, आणि ते गाडी निघायच्या आधीच सुरू झालं.

गाडीच्या मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहिलं आहे, खाली अशोकचक्र. निघायच्या आदल्या रात्री मामांचा फोन आला. म्हणाले, "भाचा, ते मागचं स्टिकर काढून ये. यूपीत आता चालान करतात. अन् इकडे शेजारीपाजारी आहेत." आईने लगेच री ओढली. "काढून टाक ना बाप्पा. रस्त्यात काहून लफडं पाहिजे? सोबत लेकरू आहे." बाबा काहीच बोलले नाहीत, पंक्चर किट तपासत बसले.

आईच्या भीतीला हसणाऱ्यांपैकी मी नाही. २०१५ साली शिर्डीत एका पोराला मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून जीव गमवावा लागला. शिर्डी आपल्या महाराष्ट्रात आहे. चंबळ त्याच्यापुढे बरीच लांब. ज्या बाईने ही बातमी वाचली आहे, तिने नातीला मागच्या सीटवर बसवताना काचेकडे पाहणं हा भित्रेपणा नाही. पण मामांच्या फोनमधली दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. ती चालानची.

त्यात तथ्य होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर उत्तर प्रदेश सरकारने आदेश काढला. गाड्यांवर जातीची नावं, जातीचा गौरव करणारी स्टिकरं चालणार नाहीत, पोलिसांच्या कागदावर जातीचा रकाना नको, जातीचे मेळावे नकोत. वरवर पाहता आपल्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. त्या रस्त्यावर ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना माहीत आहे, काचांवर किती ठाकूर, किती जाट, किती गुर्जर आणि किती पंडित धावतात. पण मला सांगा, ‘जय भीम’ ही कोणती जात आहे? कोणत्या राज्याच्या कोणत्या यादीत हा शब्द आहे? ‘ठाकूर’ लिहिणारा आपला जन्म सांगतो. ‘जय भीम’ लिहिणारा त्या जन्माने लादलेली पायरी नाकारतो. तरी वाहतूक पोलिसाच्या, शेजाऱ्याच्या आणि आता आमच्या मामांच्याही डोक्यात दोन्ही एकाच खान्यात पडतात. जातीचा गर्व आणि जातीचा नकार एकाच दंडाने मोजायचा, ही नव्या काळातली समता!

मी स्टिकर काढलं नाही. त्याचं कारण आईला समजावताना मला बाबासाहेबांचा एक न झालेला प्रवास आठवला. उत्तरेचाच. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या आपल्या वार्षिक अधिवेशनाचं अध्यक्षपद बाबासाहेबांना दिलं होतं. भाषण छापून तयार झालं. मग मंडळाच्या लोकांनी ते वाचलं आणि त्यांना घाम फुटला. अमुक भाग गाळा, तमुक सौम्य करा, वेदांवरचं तेवढं काढा, मग या. बाबासाहेबांनी कळवलं की एक स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. अधिवेशनच रद्द झालं. त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने, दीड हजार प्रती काढून, मे १९३६ मध्ये प्रसिद्ध केलं. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. सुधारणावादी, सभ्य, जातीविरोधी म्हणवणाऱ्या लोकांनीच सांगितलं होतं की ये, पण ते काढून ये. आमच्या मामांनीही तेच सांगितलं. फरक एवढाच की मंडळाला आपल्या धर्माची काळजी होती आणि मामांना आमची.

प्रवास आणि जात हा विषय आपल्या चळवळीत नवा नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आज रात्री वाचावं, तासाभराचं काम आहे. त्यातल्या बहुतेक गोष्टी प्रवासाच्या आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. १९०१ मध्ये नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघालेली लहान मुलं, मसूर स्टेशनवर भाडं दुप्पट देऊनही गाडी स्वतःच हाकायची अट, डब्यात जेवण असूनही पाण्यावाचून गेलेली रात्र. नऊ-दहा वर्षांच्या भीमाची ती फॅमिली ट्रिप होती हो! नातेवाइकांना भेटायला जाण्याएवढं साधं काम. आणि १९३४ चं दौलताबाद. कार्यकर्त्यांची सहल, किल्ला बघायचा बेत, हौदावर हातपाय धुतले म्हणून गोंधळ. साधी सहलसुद्धा आपल्याला सहजासहजी मिळालेली नाही. त्याच सुमारास, १९३६ मध्ये, अमेरिकेत व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या एका काळ्या पोस्टमनने ‘ग्रीन बुक’ काढायला सुरुवात केली. काळ्या कुटुंबाने मोटारीतून जाताना कुठे झोपावं, कुठे जेवावं, कुठे पेट्रोल भरावं याची यादी. ती जवळपास तीस वर्षं निघत राहिली. आपल्याकडे तशी यादी कोणी छापली नाही, कारण आपल्याकडे मोटारी नव्हत्या. आता मोटारी आल्या आहेत आणि यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. निघायच्या आधी आमच्या ग्रुपवर मला तीन जणांनी सांगितलं, कुठे थांब, कुठे थांबू नको, कुठे आडनाव विचारतात.

एकदा विचारलं. झाशीला एका लॉजवर. काउंटरवरच्या माणसाने बाबांचं आधार कार्ड हातात घेतलं, आडनाव दोनदा वाचलं आणि म्हणाला, "ये महाराष्ट्र में किस में आते हैं?" बाबा म्हणाले, "इन्सानों में." तो हसला आणि चावी दिली. खोली स्वच्छ होती, पाणी गरम होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्यातले काही जण १९०१ आणि २०२५ एकच आहे असं लिहितात आणि मग समोरचा आपली चावी दाखवून आपल्याला खोटं पाडतो. एकच नाही. मधे संविधानाचं कलम १५ (२) आलं. दुकान, उपाहारगृह, हॉटेल, विहीर, तलाव, रस्ता यांवरून कोणाला जातीच्या कारणाने अडवता येत नाही. आमच्या हातात ती चावी पडली ती त्या माणसाच्या मोठ्या मनामुळे नाही. पण चावी द्यायच्या आधी प्रश्न विचारायची हौस अजून आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वाटेत सागर लागलं. महार रेजिमेंटचं सेंटर तिथे. बाबांनी बाहेरच्या रस्त्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली, खाली उतरून एक कडक सॅल्यूट ठोकला आणि पुन्हा बसले. आग्र्यात चक्कीपाटच्या बुद्धविहारात गेलो, बाबासाहेब १८ मार्च १९५६ ला आग्र्यात आले होते. ताजमहाल पोरीसाठी बाहेरूनच पाहिला, गर्दी फार होती. दिल्लीत एका मित्राकडे रात्र काढली. स्टिकर अनेक राज्यांतून गेलं. एका ढाब्यावर दोन पोरं जवळ आली, ‘जय भीम भैया’ म्हणाली आणि चहाचे पैसे देऊ देईनात. चालान झालं नाही.

चार दिवसांसाठी स्टिकर झाकलं गेलं ते पठाणकोटला, मामांच्या दारात. मामा बाहेर आले, आईच्या गळ्यात पडून रडले, आणि मग मला हळूच म्हणाले, "गाडी रिव्हर्स घे. मागचा भाग भिंतीला लाव." मी लावली. तिथे मी वाद घातला नाही. मामांचं घर आहे.

आता मामांबद्दल. नव्वदच्या दशकात रावीवर रणजित सागर धरणाचं काम चालू होतं, तेव्हा एका ठेकेदारासोबत फिटर म्हणून ते गेले. धरण २००१ मध्ये पूर्ण झालं, मामा तिथेच राहिले. खाजगी नोकरी केली, घर बांधलं, मुलगी तिथेच जन्मली, तिथेच शिकली. पंजाबी इतकी फर्डी बोलते की आईला तिच्याशी खुणांनी बोलावं लागतं. गल्लीत मामांना सगळे ‘मराठा साहब’ म्हणतात. तिकडे महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस मराठाच. मामांनी तो गैरसमज तीस वर्षं खोडून काढला नाही. पाटीवर पहिलं नाव आणि आडनावाचं एकच अक्षर. घरात बुद्धाची मूर्ती आहे, पण ती शोकेसमध्ये, काचेच्या बदकांच्या शेजारी, कोणालाही शोभेची वाटावी अशी. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत.

मामांवर तुटून पडणं सोपं आहे. आपल्या ब्लॉगवर ते रोज होतं: लपणारे, पळपुटे, ‘पे बॅक’ विसरलेले. नागपुरात बसून असं लिहायला काय जातं? इथे एक इंदोरा आहे, एक पाचपावली आहे, १४ ऑक्टोबर १९५६ ची जमीन पायाखाली आहे. आम्ही महालात भाड्याने राहतो, संघाच्या मुख्यालयापासून चालत पाच-सात मिनिटांवर, तरी दीक्षाभूमी हाकेच्या अंतरावर आहे हे माहीत असल्याने छाती फुगवून राहतो. मामांच्या गल्लीत त्यांच्यासारखं एकच घर. एकट्या घराने झेंडा लावावा असं गर्दीत उभ्या असलेल्याने सांगू नये.

तरीही मामांची एक चूक आहे आणि ती मी त्यांना तोंडावर सांगितली. ते एकटे नव्हतेच. पठाणकोटपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर जालंधर आहे. तिथे बूटा मंडी आहे. ऑक्टोबर १९५१ मध्ये बाबासाहेब जालंधरला आले होते. लाहोरी राम बाली यांनी तिथून ‘भीम पत्रिका’ चालवली. त्याच्याही आधी बाबू मंगूराम मुगोवालियांनी १९२६ मध्ये आद धर्म चळवळ उभी केली, आणि १९३१ च्या जनगणनेत चार लाखांवर लोकांनी आपला धर्म ‘आद धर्मी’ असा नोंदवला. मारहाण सोसून नोंदवला. ज्या मातीत लोकांनी सरकारी कागदावर स्वतःचं नाव असं लिहून घेतलं, तिथे आमचे मामा पाटीवर एक अक्षर लिहून राहिले. तीस वर्षांत ते एकदाही बूटा मंडीला गेले नाहीत. पण ही चूक एकट्या मामांची म्हणू नका. नागपुरातल्या किती कार्यकर्त्यांना मंगूरामांचं नाव माहीत आहे? आपण आपली चळवळ दीक्षाभूमी ते चैत्यभूमी एवढी आखून ठेवली आहे आणि त्या हद्दीबाहेर गेलेल्या माणसाला पत्तासुद्धा देत नाही.

आता मूळ भांडण. मामांच्या मुलीने बी.एड. केलं. तिला पंजाब सरकारच्या शिक्षक भरतीचा फॉर्म भरायचा आहे. जातीच्या रकान्यापाशी ती थांबली. पंजाबच्या अनुसूचित जातींच्या यादीत आद धर्मी आहेत, वाल्मीकी आहेत, मजहबी आहेत, रामदासिया आहेत, महार नाहीत. म्हणजे पंजाबात ती जनरल. मग महाराष्ट्रात ये म्हणावं, तर इथे अधिवासाचा दाखला लागतो आणि ती आयुष्यात दोनदा नागपूरला आली आहे, दोन्ही वेळा लग्नाला. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी बापाच्या दाखल्यावर दाखला मिळू शकतो, तेवढी एक खिडकी उघडी आहे. ज्या राज्यात जन्म, शाळा, मतदान, कर, पूर, सगळं, त्या राज्यात मात्र ती कोणीच नाही.

हा कारकुनाचा आडमुठेपणा नाही, कायदाच असा आहे. कलम ३४१ मध्ये राष्ट्रपती ज्या जाती जाहीर करतात त्या ‘त्या राज्याच्या संबंधात’. १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की एका राज्यातला अनुसूचित जाती-जमातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला की तिथे त्याला तो दर्जा मिळत नाही. २०१८ मध्ये बीर सिंग खटल्यात पुन्हा तेच, दिल्लीतल्या नोकऱ्यांचा अपवाद ठेवून. आणि मर्री खटला कुठून गेला होता? मुंबईच्या मेडिकल कॉलेजातून. आंध्रातून बापाच्या नोकरीमुळे आलेल्या पोराला महाराष्ट्राने नाही म्हटलं होतं. तेव्हा पंजाबला शिव्या देण्याआधी आपल्या दाराकडे बघू. नागपुरातल्या सफाई कामगारांच्या वस्त्यांमध्ये जा. पिढ्यान्‌पिढ्या शहराची घाण उचलणाऱ्या वाल्मीकी, सुदर्शन समाजातल्या किती घरांना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा महाराष्ट्रातला पुरावा दाखवता येत नाही म्हणून दाखला मिळत नाही, ते त्यांनाच विचारा. आपल्या मोर्च्यांत हा मुद्दा कितव्या नंबरवर असतो?

न्यायालयाचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. एका राज्यात जी जात दबलेली, ती दुसऱ्या राज्यात तशी नसेलही. आणि बाहेरचे येऊन स्थानिकांच्या जागा घेतील. दुसरा मुद्दा खरा आहे. पंजाबात २०११ च्या जनगणनेप्रमाणे जवळपास ३२ टक्के लोकसंख्या अनुसूचित जातींची आणि नोकऱ्यांत आरक्षण २५ टक्के. तिथल्या मजहबी पोराच्या ताटातून माझ्या बहिणीला घास द्या असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर बूटा मंडीतले लोक मला हाकलतील आणि ते बरोबर असेल.

पण पहिला मुद्दा तपासा. महार पंजाबच्या यादीत नाही म्हणून पंजाबात महाराला जात लागत नाही? मग पाटीवर एक अक्षर का? मूर्ती बदकांच्या शेजारी का? गाडी भिंतीला का लावली? २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याबाबत निकाल दिला की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्या कायद्याचं संरक्षण तो ज्या राज्यातला त्यापुरतं मर्यादित नाही, देशभर आहे. बरोबर दिला. मारणारा यादी बघून मारत नाही. म्हणजे मार खाताना आपण देशभर अनुसूचित, प्रतिनिधित्व मागताना फक्त गावी. या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा बसवायच्या ते मला कोणी वकील मित्राने समजावून सांगावं.

आणि एक उत्तर आमच्या शेजारचं. ‘एक मंदिर, एक पाणवठा, एक स्मशान’. महालात राहून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की पोरगीलाही पाठ आहे. २०२५ च्या विजयादशमीला संघाची शंभरी झाली, त्याच दिवशी दीक्षाभूमीवर आपली गर्दी होती. समरसतेच्या त्या यादीत मंदिर आहे, पाणी आहे, मढं जाळायची जागा आहे. नोकरी नाही, दाखला नाही, वर्ग नाही. मामांच्या पोरीला मंदिरात जायचं नाही आणि मरायची घाई नाही. तिला फळा आणि खडू पाहिजे.

माझी मागणी अशी आहे, चुकत असेल तर सांगा. कलम ३४१ (२) प्रमाणे यादीत बदल करायचा अधिकार संसदेला आहे. स्थलांतर केलेल्या अनुसूचित जातीच्या घरात दुसऱ्या राज्यात जन्मलेल्या आणि तिथेच शिकलेल्या मुलामुलींना त्या राज्यात अनुसूचित मानावं, असा कायदा संसदेने करावा. त्यांच्या जागा स्थानिकांच्या टक्क्यातून न घेता वरून द्याव्यात. महाराष्ट्रापासून सुरुवात करावी, म्हणजे नागपूरच्या वाल्मीकी वस्तीपासून. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळवून घ्यायला चौतीस वर्षं झगडावं लागलं, तेव्हाही लोक कायद्यात बसत नाही असंच म्हणत होते.

परतायच्या आदल्या रात्री आम्ही बसून राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाला अर्ज लिहिला. बहिणीने हिंदीत लिहिला, मी कलमं सांगितली, बाबांनी शुद्धलेखनावरून उगाच वाद घातला. शेवटी अर्जदाराच्या वडिलांचं नाव आलं. तिने सवयीने पहिलं नाव आणि एक अक्षर लिहिलं. मामा चष्मा लावून वाचत होते. त्यांनी पेन मागितला, ते अक्षर खोडलं आणि वर पूर्ण आडनाव लिहिलं, थोडं वाकडंतिकडं. मामी म्हणाली, पोस्टमन वाचेल. मामा म्हणाले, वाचू दे.

सकाळी गाडी मीच सरळ काढली. अर्ज पोस्टाने गेला आहे. फॉर्म भरायची मुदत महिनाअखेरीस संपते, आणि बहिणीचा काल पुन्हा मेसेज आला, भैया, कॅटेगरी में क्या लिखूँ?